ला व्हेर्नच्या चढावरची टिकटिक

बायको म्हणते, सांगू नकोस, लोक हसतील.

हसू देत. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्यासोबत घडलंय, आणि माझ्या सासऱ्यांसोबत घडलंय.

मी रेजिस. फ्रान्समधल्या मोर्वाँच्या डोंगरात राहतो. नळ आणि हीटर दुरुस्त करतो. ज्या तळघरात घरमालक स्वतः उतरत नाही, तिथे मी एकटा बॅटरी घेऊन बसतो. त्यामुळे घाबरट म्हणून कोणी मला मोडीत काढू नये.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही. इथेच माझी पंचाईत होते. रात्रीची असती तर म्हणालो असतो, अंधारात भास झाला. पण भरदुपार होती. नोव्हेंबरातला रविवार. सर्व संतांचा सण नुकताच झाला होता, कबरींवरच्या शेवंतीच्या कुंड्या अजून ताज्या होत्या.

जागा म्हणजे आर्सने गावातून ला व्हेर्नच्या खिंडीकडे चढणारा रस्ता. एकच रस्ता आहे. फाटा नाही, घर नाही. दोन्ही बाजूंना नुसती बीच जातीची उंच झाडं.

माझे सासरे, गास्तों, सत्तरी ओलांडलेले. आमच्या सायकल क्लबात ते माझ्या जन्माच्या आधीपासून. त्या वसंतात त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण जपून, सपाटीवर. त्या रविवारी क्लबाची मंडळी लांबच्या वाटेने गेली आणि आम्ही दोघंच छोटी फेरी मारायला निघालो.

निघताना माझी बायको नादेज दारात उभी होती.

"बाबा, सपाटीवरूनच जायचं."

"मोर्वाँत सपाटी कुठे असते गं? तुझ्या स्वयंपाकघरात?"

ती त्यांच्याशी भांडली नाही. माझ्याकडे वळली.

"यांना एकटं सोडायचं नाही. एक मिनिटही नाही. ऐकतोयस ना? एकटा आलास तर दार उघडणार नाही."

"आणि ते एकटे आले तर?"

"तर उघडीन."

हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. वडील म्हणजे तिचा जीव की प्राण. आई लहानपणीच गेली, तिला यांनीच वाढवलं.

आर्सनेला पोचलो आणि म्हाताऱ्याने हट्ट धरला. ला व्हेर्न चढायचं.

"वेड लागलंय का गास्तों? नादेज माझी कातडी सोलेल."

"तिला कळणारच नाही. हळूहळू जाऊ. जावईबापू, मी परत कधी चढणार सांग. पुढच्या वर्षी मी असेन का?"

हे असं बोलून ते नेहमीच स्वतःचं खरं करायचे. मला राग आला, आणि मी हो म्हणालो.

चढ सुरू होतो तिथे रस्त्याकडेला एक जुनं धुण्याचं टाकं आहे. दगडी, वर कौलांचं छप्पर. पूर्वी बायका तिथे कपडे धुवायच्या, आता नुसतं पाणी पडत असतं. तिथे पोचलो आणि माझं मागचं चाक बसलं. त्या दिवसांत शेतकरी कुंपणं छाटतात, रस्ताभर काटे पडलेले असतात.

धुकं उतरायला लागलं होतं. अंगावर घाम आणि वर गार वारा. गास्तों उभे राहून कुडकुडत होते.

"मी हळूहळू पुढे होतो," ते म्हणाले. "तू पकडशील मला. नाही पकडलंस तर मंगळवारी कॅफेत सगळ्यांना सांगेन."

सायकल चालवणारा कोणीही हेच करतो. चढावर हळू माणूस पुढे निघतो, जोरातला मागून पकडतो. घामाने भिजलेल्या म्हाताऱ्याला गारठ्यात उभं ठेवायचं नसतं. त्या क्षणी तेच शहाणपणाचं वाटलं. मी मान हलवली.

त्यांचा मागचा लाल दिवा लुकलुकत वर गेला. वळणावर दिसेनासा झाला.

मी ट्यूब बदलली. फाटकी ट्यूब टाक्याच्या कठड्यावर टाकली, येताना घेऊ म्हणून. आणि निघालो.

तोवर धुकं इतकं दाटलं होतं की पुढच्या चाकापलीकडे चार हात रस्ता दिसत होता.

जोर लावला. आत्ता लाल दिवा दिसेल, आत्ता दिसेल...

दिसला नाही.

अर्धा चढ संपला असेल. कितीही जोरात गेला तरी हा म्हातारा एवढा पुढे जाणार नाही. पडले तर नसतील? छातीत दुखलं म्हणून कुठे बसले नसतील? मी दोन्ही बाजूंच्या चरात बघत चाललो होतो.

आणि तेव्हा मागून आवाज आला...

टिक. टिक. टिक. टिक.

सायकलीचं मागचं चाक तसं वाजतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे गास्तों वाटेत झाडीत शिरले असणार, मी धुक्यात तसाच पुढे आलो, आणि आता ते माझ्या मागे होते.

"काय गास्तों, झाडांना पाणी घालून आलात वाटतं?"

चढावर दम लागला की कोण बोलतं?

मी वेग कमी केला. पुढच्याने मागच्यासाठी वारा अडवायचा, ही आमची रीत. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की सायकल वळते, मागचा येऊन आदळतो. म्हणून मी बघितलं नाही. रस्त्यात खड्डा आला, तेव्हा डावा हात पाठीमागे नेऊन बोटाने दाखवला.

मागून आवाज आला. "हं."

सगळं ठीक होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

थोडा वेळ गेला. मग माझ्या डोक्यात काहीतरी खुपायला लागलं. नक्की काय, ते कळेना.

मग कळलं.

पाय चालू असताना चाक टिकटिकत नाही. पाय थांबले की टिकटिकतं. उतारावर आपण पाय थांबवून सायकल सोडून देतो ना, तेव्हा.

आम्ही चढत होतो.

चढावर पाय थांबवले तर सायकल चार हातांत थांबते. आणि मागची टिकटिक तर तितक्याच अंतरावर होती. एका लयीत. माझ्या पाठीला लागून.

कोणीतरी पाय न हलवता माझ्यामागे चढ चढत होतं...

"गास्तों?"

टिकटिक तशीच.

रीत गेली खड्ड्यात म्हणालो आणि मान वळवली.

धुकं. नुसतं पांढरं धुकं. आणि त्यातून हातभर अंतरावर... टिक, टिक, टिक.

मी पुढे बघितलं आणि जीव खाऊन पाय मारायला लागलो. फक्त वर पोचायचं होतं. वर दगड आहे, खिंडीचा, मग उतार. तिथे कोणीही मला पकडू शकणार नाही.

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला.

उजव्या हाताला कौलांचं छप्पर दिसलं. दगडी कठडा. कठड्यावर माझी फाटकी ट्यूब.

मी परत टाक्यापाशी होतो.

नीट ऐका. रस्ता एकच आहे. मी कुठे वळलो नव्हतो. एक हातभरसुद्धा उतरलो नव्हतो, सगळा वेळ चढत होतो, मांड्या पेटल्या होत्या. चढत चढत मी चढाच्या पायथ्याशी आलो होतो.

थांबायचं ठरवलं. टाक्याला पाठ लावून उभं राहायचं, काय असेल ते समोर येऊ दे.

दोन्ही ब्रेक दाबले. रबर कचकन चाकाला लागलं, हाताला जाणवलं. तरी चाक फिरतच राहिलं.

आमच्या बुटांच्या तळाला क्लिप असते, ती पेडलमध्ये अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. वीस वर्षं मी रोज हे करतोय, झोपेतही करेन.

टाच वळवली. सुटली नाही. दुसरी वळवली. तीही नाही. पाय पेडलवर खिळे मारल्यासारखे घट्ट बसले होते. उतरता येईना, थांबता येईना. टाकं मागे गेलं, आणि धुकं परत मिटलं.

आणि मग... पाठीवर हात आला.

गार नव्हता. गार असता तर बरं झालं असतं. तो चांगला ऊबदार, सरावाचा हात होता. कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या बाजूला, अख्खा तळवा. क्लबात दमलेल्या माणसाला चढावर जोरातला माणूस असाच ढकलतो. कुठे ठेवायचा ते त्या हाताला माहीत होतं.

तो मला ढकलत होता. वर.

मी ब्रेक दाबून धरले होते आणि सायकल वर चालली होती.

परत पाण्याचा आवाज. परत छप्पर. परत ती ट्यूब.

सांगायला लाज वाटत नाही, मी रडकुंडीला आलो. पन्नाशीचा माणूस. "सोडा मला," म्हणालो. "घरी जायचंय. काय हवंय तुम्हाला?"

टिकटिक थांबली नाही. पण कानाशी कोणीतरी बोललं. साधा आवाज. थोडा दमलेला. कामाला लागलेल्या माणसाचा असतो तसा.

"मागे कोणी राहिलंय का?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या क्लबात एकजण कायम सगळ्यात मागे असतो. त्याला आम्ही झाडू म्हणतो. मागे पडलेल्यांना गोळा करत आणायचं, हे त्याचं काम. तो कोणापाशीही पोचला की पहिला प्रश्न हाच विचारतो. मागे कोणी राहिलंय का? आणि आपण जो मागे असेल त्याचं नाव सांगतो. विचार करून नाही. शिंक आल्यावर तोंडावर हात जातो, तसं ते तोंडातून निघतं. आजवर शेकडो रविवारी मी ते सांगितलंय.

त्या दिवशीही तसंच निघालं.

"हो. गास्तों आहेत."

हात उचलला गेला.

"बरं," आवाज म्हणाला. "मग मी थांबतो."

टिकटिक मागे पडत गेली. खाली, धुक्यात. मग ऐकू येईनाशी झाली.

माझी टाच खटकन सुटली आणि मी आडवा कोसळलो. डोकं उचलून बघितलं तर समोर खिंडीचा दगड होता.

मी वर पोचलो होतो. आणि गास्तों वर नव्हते.

म्हणजे ते खाली होते. आणि ते जे काही होतं, त्याला मी त्यांचं नाव सांगून खाली पाठवलं होतं.

दुखरं हृदय घेऊन तो म्हातारा त्या धुक्यात एकटा होता, आणि नादेजला मी काय तोंड दाखवणार होतो? सायकल फिरवली. बसवेना. शेवटी सायकल टाकली आणि कडेच्या झाडांना हात लावत लावत पायीच खाली निघालो. "गास्तों! गास्तों!"

दहा-वीस पावलं गेलो असेन...

टिक. टिक. टिक.

खालून वर येत होती.

धुक्यात पुढच्या दिव्याचा पिवळा ठिपका दिसला. मग हँडल दिसलं. मग गास्तों.

ताठ बसले होते, हात हँडलवर सैल. चेहऱ्यावर पोराचं हसू.

त्यांचे पाय हलत नव्हते.

चढावर, पाय न हलवता, माझे सासरे आरामात वर येत होते. माझ्याजवळून पुढे गेले, दगडापाशी सायकल डगमगली आणि त्यांनी पाय टेकला. टिकटिक बंद झाली.

"तू वर कसा?" ते म्हणाले.

"मी केव्हाचा आलोय."

"माझ्या शेजारून गेलास? मला दिसला नाहीस. मी तर तुला मागे समजत होतो." मग खूश होऊन, "काय ढकललंस रे मला! तीस वर्षांत असा चढलो नाही."

"मी नाही ढकललं. मी इथे होतो."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. हात कमरेमागे गेला. चाचपून बघितलं.

"हात तुझ्यापेक्षा मोठा होता," ते म्हणाले.

"काही बोललं का?"

"विचारलं... मागे कोणी राहिलंय का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तू मागे होतास ना. सांगितलं, माझा जावई आहे."

"मग?"

"म्हणाला, बरं. मग मी थांबतो."

आम्ही दोघांनी खाली बघितलं. धुकं हलत नव्हतं. काहीही ऐकू येत नव्हतं, पानसुद्धा नाही. पण खाली कुठेतरी कोणीतरी थांबलं होतं. माझ्यासाठी.

उताराआधी आम्ही छातीशी वर्तमानपत्र खोचतो, वारा लागू नये म्हणून. गास्तोंना ते खोचता येईना. मी खोचलं. तेव्हा ते एकच वाक्य बोलले.

"आवाज ओळखीचा होता."

पलीकडच्या उताराने घरी आलो. संपूर्ण वाट मी त्यांच्या शेजारी होतो, हात लागेल इतक्या जवळ. नादेजने दार उघडलं.

"आलात दोघंही?"

"हो," मी म्हणालो.

तिने क्रीममधला हॅम केला होता, आधी गरम सूप. ती आत गेली तसे गास्तों खालच्या आवाजात बोलायला लागले.

"मार्सो नावाचा झाडू होता आमचा. तू क्लबात यायच्या खूप आधी. असंच धुकं होतं, हाच चढ. वर दगडापाशी मोजलं तर एकजण कमी. मार्सो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी थांबतो. बराच वेळ थांबला असेल. मग शोधायला खाली गेला. दुसऱ्या दिवशी सापडला, वळणाखालच्या ओढ्यात."

"आणि जो मागे राहिला होता तो?"

"तो मागे नव्हताच. कंटाळला आणि टाक्यापासूनच घरी वळला. कोणाला सांगितलं नाही. घरी सूप गरम होतं."

"कोण होता तो?"

गास्तोंनी पावाचा तुकडा मोडला. सुपात टाकला. आणखी एक मोडला, टाकला. असा सगळा पाव त्यात घातला, आणि ताटली पुढे सरकवून उठले.

मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत. सायकल गॅरेजमध्ये हुकाला टांगली. हिवाळाभर खंगत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलंय, आता घरीच राहू द्या.

मार्चमधली सकाळ होती. नादेज औषधं आणायला गेली होती. मी त्यांच्या पलंगाशी बसलो होतो. डोळे मिटून पडलेला माणूस एकदम कुशीवर वळला. हात मागे कमरेवर नेला, आणि तिथेच ठेवला.

"आलाय," म्हणाले.

मला विचारायची गरज नव्हती.

"विचारतोय," गास्तों म्हणाले. "मागे कोणी राहिलंय का."

मी त्यांचा दुसरा हात धरला. "सांगा, कोणी नाही. सगळे आले. ऐकताय ना? त्याला सांगा, सगळे पोचले, तू घरी जा."

त्यांच्यासाठी म्हणत होतो, आणि माझ्यासाठीही. कळत होतं मला.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने. लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी इतकं मायेने बघितलं नव्हतं.

"एकदा त्याला न सांगता गेलो होतो," म्हणाले. "आता सांगूनच जाणार."

"काय सांगणार?"

त्यांनी माझा हात थोपटला.

"तू आहेस ना मागे."

नादेज औषधं घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं. चेहरा शांत होता. लोक म्हणाले, भाग्यवान, झोपेत गेले. ते शेवटचं वाक्य मी तिलाही आज हे लिहीपर्यंत सांगितलेलं नाही.

क्लब सोडला नाही मी. सोडला तर कारण काय सांगणार? रविवारी जातो. ला व्हेर्नला जात नाही, बाकी सगळे चढ चढतो. आमचा आताचा झाडू चांगला पोरगा आहे. तो जवळ येऊन मागे कोणी आहे का विचारतो, तेव्हा मी तोंड घट्ट मिटून घेतो. त्याला वाटतं, मी माणूसघाणा आहे.

गेल्या महिन्यात एका साध्या टेकाडावर फार दमलो. मांड्या भरून आल्या. बाजूचा म्हणाला, "घे की जरा दम, दोन सेकंद पाय थांबव."

मी थांबवले नाहीत. आता कुठल्याच चढावर थांबवत नाही.

पाय थांबले, आणि सायकल थांबली नाही तर...